जी दोन, पी एक, एल शून्य: मूल गमावल्यानंतरचं गरोदरपण

गरोदर बाई पहिल्यांदा तपासणीला गेली की केसपेपरच्या वरच्या बाजूला डॉक्टर काही अक्षरं आणि आकडे लिहितात. जी म्हणजे ग्रॅव्हिडा: आजवर किती वेळा दिवस गेले. पी म्हणजे पॅरा: त्यातल्या किती वेळा बाळंतपणापर्यंत मजल गेली. ए म्हणजे अबॉर्शन: किती वेळा गर्भ पडला किंवा काढावा लागला. एल म्हणजे लिव्हिंग: हयात मुलं किती. ‘जी दोन, पी एक, एल शून्य’ एवढं वाचलं की अनुभवी नर्सचा आवाज आपोआप खाली येतो. बाई दुसऱ्यांदा गरोदर आहे, एकदा बाळंत झालेली आहे आणि घरी मूल नाही.

ते मूल पोटातच गेलं, जन्मल्यावर दोन दिवसांनी गेलं की चांगलं तीन वर्षांचं होऊन गेलं, हे त्या अक्षरांवरून कळत नाही. पण एक गोष्ट ती चोख करतात. जी आणि पी हे आकडे फक्त वाढतात. जे झालं ते त्यातून कधी वजा होत नाही. आजूबाजूच्या माणसांचा हिशेब वेगळा असतो: एक गेलं, आता एक येतंय, म्हणजे फिटंफाट. पुढचं सगळं या दोन हिशेबांतल्या फरकाबद्दल आहे.

अधूनमधून एखाद्या प्रसिद्ध व्यक्तीमुळे हा विषय बातम्यांत येतो. ब्रिटनचा राजपुत्र हॅरी याची पत्नी मेगन मार्कल हिने नोव्हेंबर २०२० मध्ये आपला गर्भ पडल्याचं वर्तमानपत्रात लिहिलं, जून २०२१ मध्ये तिला मुलगी झाली. अशा वेळी ‘रेनबो बेबी’ हा शब्द हमखास कानावर पडतो. आधी गमावून नंतर झालेलं मूल, वादळानंतरचं इंद्रधनुष्य, असा त्याचा अर्थ. अनेक आयांना तो आवडतो. काहींना अजिबात आवडत नाही, कारण हे मूल इंद्रधनुष्य असेल तर आधीचं कोण? वादळ? मला या दुसऱ्या गटाचं म्हणणं पटतं, म्हणून हा शब्द इथे पुन्हा येणार नाही.

आधी शब्द लावून घेऊ

‘गर्भपात’ या शब्दाने मोठा घोळ करून ठेवला आहे. आपणहून गर्भ पडणं आणि तो काढून टाकणं, दोन्हीला आपण हाच शब्द वापरतो. त्यामुळे आधीच खचलेल्या बाईला ‘झाला की केला?’ या प्रश्नालाही तोंड द्यावं लागतं. या लेखात गर्भपात म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत आपणहून गर्भ जाणं. त्यानंतर पोटात किंवा कळा सुरू असताना बाळ गेलं तर तो मृतजन्म. रेघ नेमक्या कुठल्या आठवड्यावर मारायची हे देशागणिक बदलतं. जागतिक आरोग्य संघटना देशांची तुलना करताना २८ आठवडे धरते. जिवंत जन्मून २८ दिवसांच्या आत बाळ गेलं तर तो नवजात मृत्यू.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०२१ च्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख गर्भपात होतात, म्हणजे दर मिनिटाला ४४. मृतजन्म वर्षाला १९ लाखांच्या घरात आहेत, नवजात मृत्यू २३ लाखांच्या. तुमच्या ओळखीत असं कुणी नाही असं वाटत असेल, तर बहुधा त्यांनी तुम्हाला सांगितलेलं नाही.

आठवड्यांवरून दुःख मात्र मोजता येत नाही. ‘दोनच महिन्यांचं तर होतं’ हे वाक्य बोलणाऱ्याला दिलासा वाटतं, ऐकणारीला नाही. तिने त्या दोन महिन्यांत पुढची वीस वर्षं मनात बघून ठेवलेली असतात.

‘पुन्हा तसंच झालं तर?’

दुसऱ्यांदा दिवस गेले की पहिला प्रश्न हाच, आणि तो रास्त आहे. त्याचं उत्तर दोन भाषांत मिळतं आणि त्यातली एक घाबरवून सोडते.

२०१५ साली ३४ लाख स्त्रियांच्या नोंदी एकत्र करून केलेला एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. सगळ्या श्रीमंत देशांतल्या. त्यात दिसलं की आधी मृतजन्म झालेल्या स्त्रीला पुढच्या खेपेला तो पुन्हा होण्याचा धोका इतरांच्या मानाने जवळपास पाचपट असतो. पाचपट! ही झाली तुलनेची भाषा. आता तीच गोष्ट प्रत्यक्ष आकड्यांत (सरळ भागाकार सहापटीच्या आसपास येतो; पाचपट हा वेगवेगळ्या अभ्यासांचा मेळ घालून काढलेला आकडा आहे): ज्यांच्या बाबतीत आधी असं घडलं नव्हतं त्यांच्यात मृतजन्माचं प्रमाण हजारात ४ होतं, ज्यांच्या बाबतीत घडलं होतं त्यांच्यात हजारात २५. म्हणजे हजारातल्या ९७५ जणींच्या बाबतीत तसं पुन्हा घडलं नाही. सोडतीची एकाऐवजी पाच तिकिटं घेतली तर शक्यता पाचपट होते हे खरं, पण म्हणून कुणी पैसे मिळालेच असं धरून खर्चाला लागत नाही.

हे सगळं तिला समजावून सांगितलं तरी ती शांत होईलच असं नाही, आणि यात तिची समज कमी पडते असं मानू नये. मागच्या वेळीही आकडे तिच्या बाजूनेच होते. हजारातल्या त्या चौघींपैकी एक तीच होती. ‘काळजी करू नका, असं क्वचित होतं’ या वाक्यावरचा तिचा विश्वास उडालाय, आणि तो उडायला कारण आहे.

‘किती टक्के’पेक्षा उपयोगाचा प्रश्न म्हणजे मागच्या वेळी कारण सापडलं होतं का. वार म्हणजे बाळाला रक्त आणि प्राणवायू पुरवणारा अवयव. ती नीट न रुजल्याने बाळाची वाढ खुंटली असेल किंवा आईचं बीपी धोकादायक वाढलं असेल, तर पुढच्या खेपेला बाराव्या आठवड्याच्या सुमारास कमी मात्रेची अॅस्पिरिन सुरू करतात. योग्य रुग्णांत याचा फायदा मोठ्या चाचण्यांमध्ये दिसलेला आहे. (हे डॉक्टरांनी ठरवायचं, आपण नव्हे.) आईच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती असेल तर इंजेक्शनं आहेत. गर्भाशयाचं मुख वेळेआधी उघडलं असेल तर टाका घालता येतो. शुगर असेल तर ती आधीपासून ताब्यात ठेवता येते. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर मागच्या खेपेला अँटी-डी हे इंजेक्शन दिलं होतं का हे बघावं लागतं. आधीच्या बाळाच्या मज्जारज्जूत दोष असेल तर दिवस जाण्याआधीपासून फॉलिक अॅसिड नेहमीच्या सुमारे दहापट मात्रेत देतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एवढ्याने दोष पुन्हा येण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं होतं. कागदावर साधी दिसणारी एक गोळी, आणि एवढा फरक.

म्हणूनच बाळ गेल्यावर वार प्रयोगशाळेत पाठवणं आणि आईवडिलांची तयारी असेल तर बाळाचं शवविच्छेदन करणं यांचा उपयोग पुढच्या बाळाला होतो. हा निर्णय आयुष्यातल्या सगळ्यात वाईट तासात घ्यावा लागतो, तेव्हा अनेकजण नाही म्हणतात. त्याचा नंतर पश्चात्ताप करत बसण्यात अर्थ नाही. मागच्या खेपेचे सगळे कागद घेऊन, शक्यतो दिवस जाण्याआधीच, डॉक्टरांशी एकदा निवांत बसून बोलणं हे अजूनही करता येतं.

सुरुवातीच्या गर्भपाताचं गणित वेगळं आहे. त्यातल्या साधारण निम्म्या वेळा गर्भाच्या गुणसूत्रांची जुळणी चुकलेली असते. गुणसूत्रं म्हणजे पेशीतले आनुवंशिक माहितीचे धागे. पत्ते वाटताना एखादं पान जास्त जावं तशी ही चूक; पुढच्या डावात पत्ते नव्याने पिसले जातात. सलग तीन किंवा जास्त गर्भपात झालेली स्त्री शंभरात जेमतेम एक निघते, आणि तिच्यासाठी वेगळ्या तपासण्या आहेत. जिना चढल्याने, भांडण झाल्याने, घरातलं नेहमीचं काम केल्याने किंवा मनात ‘नको गं बाई आत्ता’ असं एकदा येऊन गेल्याने गर्भ पडत नाही. हे शेवटचं अनेकजणी वर्षानुवर्षं मनात ठेवतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

‘लवकर दुसरं होऊ द्या’ की ‘थोडं थांबा’?

दोन्ही सल्ले प्रेमानेच मिळतात, बऱ्याचदा एकाच आठवड्यात.

शरीरापुरतं बोलायचं तर गर्भपातानंतर किमान सहा महिने थांबावं असं जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलं होतं. नंतरच्या अभ्यासांनी या सल्ल्याला बराच धक्का दिला. २०१६ मधल्या एका अभ्यासात गर्भपातानंतर तीन महिन्यांच्या आत पुन्हा प्रयत्न सुरू करणाऱ्या स्त्रियांमध्ये यशस्वी बाळंतपणाचं प्रमाण कमी झालेलं नव्हतं, उलट थोडं जास्तच होतं. मृतजन्मानंतरच्या गरोदरपणाचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये आला: फिनलंड, नॉर्वे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातली साडेचौदा हजारांच्या आसपास बाळंतपणं. वर्षाच्या आत दिवस गेलेल्यांमध्ये धोका वाढलेला दिसला नाही, आणि एकूण ९८ टक्के बाळं जिवंत जन्मली. सिझेरियन झालं असेल तर गर्भाशयावरचा व्रण भरायला वेळ द्यावा लागतो. तिथे डॉक्टर सांगतील ते अंतर पाळायचं.

मनाचं कॅलेंडर निराळं असतं. मृतजन्मानंतर वर्षाच्या आत दिवस गेलेल्या स्त्रियांमध्ये त्या गरोदरपणात खिन्नता आणि चिंता जास्त आढळल्याचं १९९९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं. यावरून कुणी ‘म्हणजे थांबायलाच हवं’ असा निष्कर्ष काढला तर मी हरकत घेईन. वय वाढत असतं, थांबणंही छळतं, आणि मूल होण्याआधी शोक पुरा व्हावा अशी अट घातली तर कुणालाच दुसरं मूल होणार नाही. कारण तो पुरा होत नाही. एवढं मात्र बघावं की प्रयत्न नव्या बाळासाठी चाललेत की आतली पोकळी घाईने बुजवण्यासाठी. आणि या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘दोन्ही’ असं आलं तरी घाबरण्याचं कारण नाही.

‘सगळं नीट आहे, मग रडतेस कशाला?’

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आपण हे हसण्यावारी नेतो, पण मेंदूच्या बाजूने बघितलं तर त्यात चूक काय? एकदा ज्या पेल्याने चटका दिला, त्याच पेल्यातून पुन्हा काहीतरी समोर आलंय. ते थंड आहे हे कळायला वेळ लागणार.

मूल गमावलेल्या बाईसाठी तो पेला म्हणजे सोनोग्राफीची खोली. पोटावरचं गार जेल, मंद उजेड, पडदा आपल्याकडून वळवून गप्प बसलेले डॉक्टर. मागच्या वेळी ही शांतता लांबत गेली आणि मग ते वाक्य आलं. या वेळी शांतता फक्त दहा सेकंदांची असेल, डॉक्टर मोजमाप घेत असतील, पण तिचं अंग थरथरायला लागतं. कुणी तपासणीच चुकवते. कुणी रोज तपासा म्हणते. दोघींची भीती एकच आहे. डॉक्टरांना यावर एक फुकटचा उपाय करता येतो: प्रोब ठेवल्याबरोबर आधी ‘ठोके आहेत’ म्हणायचं, मग बाकीची मापं घ्यायची.

जुना आघात अशा प्रसंगी जसाच्या तसा अंगावर येणं, त्याची स्वप्नं पडणं, त्याची आठवण करून देणारं सगळं टाळत राहणं, हे महिनोन्महिने चाललं तर त्याला आघातोत्तर ताण म्हणतात. २००१ च्या एका अभ्यासात मृतजन्मानंतरच्या गरोदरपणात साधारण पाचातल्या एकीला असा त्रास आढळला होता. हा उपचारांनी कमी होणारा आजार आहे. तो ‘मनाने घट्ट’ नसल्याची खूण नाही.

ज्यांना आजार म्हणण्याइतका त्रास नसतो त्यांचंही गरोदरपण वेगळंच असतं. पहिल्या खेपेला बारा आठवडे पार पडले की बाई सुटकेचा श्वास टाकते. ज्यांचं बाळ अडतिसाव्या आठवड्यात गेलं त्यांच्यासाठी अशी पार करायची रेघच नसते. मागच्या वेळचा तो आठवडा जवळ येतो तशी छाती जड होत जाते आणि तो उलटल्यावर अनोळखी मुलूख सुरू होतो. बातमी उशिरापर्यंत सांगायची नाही, बाळासाठी काही आणायचं नाही, नाव मनातसुद्धा ठरवायचं नाही. ‘बाळ झालं तर’ असं बोलायचं, ‘झाल्यावर’ नाही. अभ्यासक याला भावनिक उशी म्हणतात: पडायची भीती असलेला माणूस आधीच खाली उशी टाकून ठेवतो. बघणाऱ्यांना ही बाई कोरडी वाटते. ‘हिला आनंदच नाही’ असं बोललं जातं. खरं तर ज्यावर जीवच नाही त्यासाठी कुणी एवढ्या उशा रचत नाही.

भीतीला काम लावून देणं

भीती घालवता येत नाही, पण तिला नेमकं काम देता येतं.

त्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम म्हणजे बाळाच्या हालचालीकडे लक्ष. साधारण सोळाव्या ते चोविसाव्या आठवड्यादरम्यान हालचाल जाणवायला लागते आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापर्यंत प्रत्येक बाळाची आपली एक लय बसते. कुणी रात्री धुमाकूळ घालतं, कुणी दुपारी. ‘दिवसाला अमुक इतक्या लाथा’ असा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. आपल्या बाळाची लय बदलली का, हे बघायचं. शेवटच्या दिवसांत जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं, हा समज चुकीचा आहे आणि घातकही. हालचाल कमी वाटली तर ‘सकाळपर्यंत बघू’ नको. त्याच वेळी दवाखान्यात फोन करायचा किंवा जायचं. तिथे सगळं ठीक निघालं तर तो फुकटचा फेरा नसतो. दुसऱ्यांदा वाटलं, दुसऱ्यांदा जायचं. पाचव्यांदाही.

घरी ठोके ऐकायची छोटी यंत्रं विकत मिळतात, ती घेऊ नका. न शिकलेल्या कानाला आईच्याच रक्तवाहिनीचा किंवा वारेतला आवाज बाळाचे ठोके वाटू शकतात. मग खोटा धीर येतो आणि जायला हवं तेव्हा जाणं राहून जातं. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर झोपायला जाताना कुशीवर झोपावं. उताणं झोपण्याचा आणि मृतजन्माचा संबंध अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसला आहे. रात्री जाग आल्यावर पाठीवर असलात तर घाबरायचं नाही, कूस बदलून पुन्हा झोपायचं. तंबाखू आणि सिगारेट, घरातल्या इतरांचीसुद्धा, बंद.

इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या एका रुग्णालयात मृतजन्मानंतरच्या गरोदरपणासाठी वेगळा दवाखाना सुरू झाला आणि ती पद्धत तिथे इतरत्रही पसरली. त्यात अचाट यंत्रं नाहीत. जास्त वेळा सोनोग्राफी, वारेवर बारीक लक्ष, आणि दर वेळी तेच डॉक्टर, तीच नर्स. शेवटची गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते. पण दर तपासणीला नव्या माणसाने ‘पहिलंच का?’ विचारावं आणि दर वेळी पहिल्यापासून सांगावं लागावं, हे टळणंच केवढं असतं. असा दवाखाना जवळ नसेल तर केसपेपरच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत आधीची हकिगत लिहून घ्या. निम्मं काम तेवढ्याने होतं.

‘एवढी काळजी केलीस तर बाळालाच त्रास होईल’

हे वाक्य जगातून हद्दपार व्हावं. आधीच घाबरलेल्या बाईला ते घाबरण्याबद्दलही अपराधी करतं. तपासणीआधी रात्रभर जागणं, रडू येणं, छाती धडधडणं याने बाळ दगावत नाही. हे खरं आहे की तीव्र चिंता किंवा नैराश्य महिनोन्महिने उपचाराविना राहिलं तर वेळेआधी बाळंतपण आणि बाळाचं कमी वजन यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. पण त्यावरचा उपाय ‘काळजी करू नकोस’ हा नसतो. समुपदेशन असतं, मानसोपचार असतात, गरज पडल्यास गरोदरपणात चालणारी औषधं असतात. झोप उडाली, जेवण जाईना, कशातच मन लागेना, जगणं नकोसं वाटू लागलं, यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना त्याच भेटीत सांगायचं. पुढच्या भेटीची वाट बघायची नाही.

बाप माणूस

बाळ गेल्यावर सगळे त्याला विचारतात, ‘ती कशी आहे?’ दुसऱ्या खेपेला तो गाडी काढतो, फाइल धरतो, धीर देतो आणि सोनोग्राफीच्या दाराशी त्याचेही हात गार पडलेले असतात. त्याचा शोक बऱ्याचदा कामात लपतो, त्यामुळे ‘तुला काहीच वाटत नाही’ असे खटके उडतात. न्यूझीलंडने २०२१ मध्ये गर्भपात आणि मृतजन्मानंतर तीन दिवसांची पगारी रजा कायद्याने दिली, ती जोडीदारालाही. तीन दिवस म्हणजे काहीच नाही. पण त्याचंही काही गेलं, हे कुणीतरी कागदावर लिहिलं.

बाळ हातात आल्यावर

इथे सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि इथेच अनेकजणी कोसळतात. आता रडायचं कारण काय, हे घरच्यांनाच काय, तिलाही कळत नाही.

एक कारण सरळ आहे. आधीच्या खेपेला काय गेलं, हे तिला आजवर पूर्ण ठाऊक नव्हतं. आता मांडीवर गरम, हलणारं, बोट घट्ट धरणारं बाळ आहे आणि त्याच क्षणी कळतं की गेलं ते नेमकं हे होतं. या बाळाचं प्रत्येक पहिलं हसू त्या बाळाचं न झालेलं हसूही असतं. मोठं होऊन गेलेल्या मुलाची आई असेल तर नवं मूल त्या वयाला पोचतं तेव्हा, आणि एक दिवस त्या वयाच्या पुढे जातं तेव्हा, पुन्हा हादरते.

ब्रिटनमध्ये १३ हजारांहून जास्त गर्भवतींचा काही वर्षं माग ठेवून केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी गर्भपात किंवा मृतजन्म झालेल्या स्त्रियांमध्ये खिन्नता आणि चिंता निरोगी बाळ झाल्यावर आपोआप विरली नव्हती. बाळ ३३ महिन्यांचं होईपर्यंत तिचे माग सापडत होते. ‘एक मूल झालं की सगळं विसरशील’ या सल्ल्याची अशी परीक्षा झालेली आहे आणि तो नापास झालेला आहे.

शिवाय तक्रार करायचा हक्क गेल्यासारखा वाटतो. रात्री चार वेळा उठून डोळे चुरचुरत असतात, पण ‘कंटाळले मी’ म्हणायची सोय नाही. इतक्या नवसासायासाने झालं आणि ही कंटाळली! तर कंटाळायला पूर्ण मुभा आहे. बाळ झोपलं की श्वास चालू आहे का हे दर दहा मिनिटांनी बघणं पहिल्या आठवड्यांत समजण्यासारखं आहे. त्यापायी तुमची झोपच बंद झाली, बाळ दुसऱ्या कुणाच्या हाती देणं अशक्य झालं, तर ती मदत मागायची वेळ. बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर, आजूबाजूला उशा-दुलया न ठेवता झोपवणं ही प्रत्यक्ष उपयोगाची काळजी आहे. रात्रभर दिवा लावून बसण्याने त्यात भर पडत नाही.

‘गेलेलंच परत आलं’

असं म्हणणारे प्रेमाने म्हणतात, आणि क्षणभर आईलाही ते गोड लागतं. पण हे ओझं नव्या बाळाच्या पाठीवर जातं.

अमेरिकेतल्या दोन मनोविकार अभ्यासकांनी १९६४ मध्ये ‘बदली मूल’ ही कल्पना मांडली: गेलेल्या मुलाची जागा भरण्यासाठी आणलेलं, सतत त्याच्याशी तोललं जाणारं मूल. मेलेलं मूल कधी उलट बोलत नाही, नापास होत नाही, त्यामुळे जिवंत मूल या शर्यतीत कायम हरतं. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉ ३० मार्च १८५३ ला जन्मला. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, त्याच तारखेला, त्याच्या आईला मृत बाळ झालं होतं आणि त्याचंही नाव व्हिन्सेंट ठेवलं होतं. साल्वादोर दाली जन्मला मे १९०४ मध्ये. त्याच नावाचा भाऊ नऊ महिने आधी गेला होता, आणि त्या भावाची सावली दालीने आयुष्यभर बोलून दाखवली. दोघांच्या चित्रांची सगळी कारणं इथे शोधणं हा उतावळेपणा होईल. पण एवढं कळतं की नव्या बाळाला नवं नाव द्यावं.

कळायला लागल्यावर त्याला आधीच्या भावंडाबद्दल सांगायचं का? सांगायचं, लवकर आणि साध्या शब्दांत: ‘तुझ्या आधी एक बाळ होतं, ते खूप आजारी होतं आणि मेलं.’ झोपलं किंवा देवाने नेलं असं सांगितलं तर लहान मूल झोपायला घाबरू शकतं. घरात एक बंद कपाट आहे हे मुलांना न सांगताही कळतं. आत काय आहे ते मग ती मनानेच ठरवतात, आणि बऱ्याचदा ‘माझ्यामुळे’ असं ठरवतात.

‘विसरून पुढे का जात नाही?’

या सल्ल्याला एक मोठा आधार होता, मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड. १९१७ च्या निबंधात त्याने शोकाचं काम म्हणजे गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणं, असं मांडलं. तीन वर्षांनी त्याची मुलगी सोफी इन्फ्लुएंझाने गेली. १९२९ मध्ये, तिचा छत्तिसावा वाढदिवस असता त्या दिवशी, मुलगा गमावलेल्या एका डॉक्टर मित्राला त्याने पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की तीव्र दुःख ओसरेल, पण आपलं सांत्वन होणार नाही आणि त्या जागी दुसरं कुणी येणार नाही. सिद्धान्त मांडणाऱ्याला बापपणाने दुरुस्त केलं.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासकही तिकडेच वळले. गेलेल्या मुलाशी नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, असं आता मानतात. शोकाचं एक मॉडेल लंबकासारखं आहे: माणूस कधी दुःखाकडे जातो, कधी रोजच्या कामाकडे, आणि ही ये-जा म्हणजेच सावरणं. सकाळी आधीच्या बाळाचा फोटो बघून रडलेली बाई दुपारी नव्या बाळाच्या ढेकरावर हसली, तर दोन्हीपैकी एकही ढोंग नाही.

शरीरानेही काही जपून ठेवलेलं असतं. गर्भाच्या थोड्या पेशी वारेतून आईच्या रक्तात जातात. १९९६ मध्ये संशोधकांना अशा पेशी बाळंतपणानंतर २७ वर्षांनीही एका स्त्रीच्या रक्तात सापडल्या. पुढे गर्भपात झालेल्या स्त्रियांतही त्या आढळल्या. या पेशी नेमकं काय करतात यावर अजून वाद आहे आणि त्यांच्यावर कविता रचायची घाई मी करणार नाही. पण एखादी म्हणाली की ‘ते अजून माझ्यात आहे’, तर तिला भाबडी म्हणण्याआधी थोडं थांबावं.

‘तुम्हाला मुलं किती?’

बागेत, बसमध्ये, शाळेच्या फाटकाशी कुणीही सहज विचारतं. केसपेपरवर आता ‘जी दोन, पी दोन, एल एक’ असतं, तिथे सोपं आहे. बाहेर मात्र दर वेळी एका सेकंदात ठरवावं लागतं. ‘एक’ म्हटलं तर दिवसभर आपण एका मुलाशी बेइमानी केल्यासारखं वाटतं. ‘दोन’ म्हटलं तर पुढचा प्रश्न येतो, ‘मोठं कितवीत?’ आणि मग समोरच्याचा चेहरा आपल्यालाच सावरावा लागतो.

याचं एक बरोबर उत्तर नाही. बसमधल्या अनोळखी माणसाला ‘एक’ सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. प्रत्येक विचारणाऱ्याला आपलं सगळं देणं लागत नाही. ज्यांच्याशी पुढे संबंध येणार आहे त्यांना ‘दोन, पहिलं राहिलं नाही’ एवढं सांगून टाकणं अनेकींना हलकं वाटतं. आज एक उत्तर, उद्या दुसरं, असंही चालतं.

आणि तुम्ही विचारणारे असाल, समोरून ते दुसरं उत्तर आलं, तर विषय बदलू नका. ‘निदान हे तरी आहे ना’ असं म्हणू नका. विचारा, ‘काय नाव ठेवलं होतं?’ ठेवलं नसेल तर ती तसं सांगेल. ठेवलं असेल, तर ते मोठ्याने उच्चारायची वेळ तिच्यावर कितीतरी दिवसांनी आलेली असेल.